भयपटातील भय कोणाचे?

भयपट हा समाजाच्या भीतीचा आरसा असतो, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते सिद्ध करण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. परीक्षकाने एखाद्या चित्रपटातील भुताकडे एक बोट दाखवावे, त्या काळातील एखाद्या संकटाकडे दुसरे बोट दाखवावे, आणि दोहोंमध्ये 'प्रतिबिंब' हा शब्द ठेवून द्यावा, एवढ्यावर विवेचन पुरे होते. या पद्धतीस पांडित्याची प्रतिष्ठा मिळवून दिली ती जीगफ्रीट क्राकाउअर याने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या 'कॅलिगरी ते हिटलर' या ग्रंथाने. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांत जुलमी सत्तेविषयीची धास्ती आणि तिच्याविषयीचे आकर्षण ही दोन्ही आधीच उमटली होती, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्रंथ मोठ्या व्यासंगाचा आहे. परंतु तो प्रसिद्ध झाला तेव्हा हिटलरचा अंत होऊन गेला होता, आणि उत्तर ठाऊक असताना गणित मांडणे केव्हाही सोपे असते.

आरशाचा सिद्धान्त सर्वांत स्वच्छपणे लागू पडतो तो 'गोजिरा' या जपानी चित्रपटास. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. त्या परिसरात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवरील खलाशी किरणोत्सर्गी राखेने आजारी पडले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात समुद्रातून उठलेला राक्षसी प्राणी टोकियो तुडवीत असल्याचे जपानी प्रेक्षकांनी पाहिले. येथे 'समाज' हा शब्द एकवचनी वापरला तरी फारसे बिघडत नाही. अणुस्फोट खालच्या माणसाची जात किंवा मिळकत विचारीत नाही. परंतु ज्या समाजात एकाचे भय हे दुसऱ्याचे सामर्थ्य असते, तेथे हा एकवचनी शब्द फसवा ठरतो. तेथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: आरसा कोणाच्या घरात टांगला आहे, आणि त्यात कोणाचा चेहरा मावतो?

मराठी भाषकांच्या प्रदेशातील भयपटांना हा प्रश्न विचारण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा राज्याच्या पूर्व टोकाचे ठिकाण अधिक उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. पलीकडे बालाघाट जिल्हा, त्याही पलीकडे छत्तीसगड. प्रदेश धानाचा व तलावांचा. मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी आणि हिंदी या परिसरात सहज कानावर पडतात. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि त्यापूर्वी मध्य प्रांतात. मराठी भयपट येथवर पोहोचतो, हिंदी भयपट तर पोहोचतोच; पण दोहोंपैकी कोणताही येथल्या प्रेक्षकास डोळ्यांपुढे ठेवून रचलेला नसतो. दुसऱ्याच्या आरशात पाहावे लागणाऱ्या अशा प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले, तर आरशाची चौकट दिसू लागते.

प्रथम भुतांचा विचार केला पाहिजे, कारण चित्रपटाने भूत निर्माण केले नाही. त्याला ते तयार मिळाले. कोकण व देश या भागांतील लोकसमजुतींतील भूत हे कधीही केवळ भूत नसते. मुंज झाल्यावर पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. मालमत्तेत जीव अडकलेला मनुष्य समंध होऊन तिची राखण करतो. बाळंतपणात किंवा गरोदरपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण होते. परधर्मीयाच्या वाट्याला खवीस हे नाव येते. जगताना ज्याला जे स्थान होते तेच मेल्यावर त्याच्यामागे चालत जाते, आणि जो संस्कार किंवा हक्क अपुरा राहिला तो मागण्यासाठी भूत परत येते. एन्थोवेन याने १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील ग्रंथात या भूतसृष्टीचे विपुल वर्णन आहे. मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते, ही बाब उघड असूनही सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्यांची मुंज होत नसे त्यांच्या अकाली मेलेल्या मुलांनी पिंपळावर कोणत्या नावाने राहावयाचे?

रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात मेलेल्यांच्या भुतांबरोबर आणखी एका गोष्टीची वर्णने वारंवार येतात, ती म्हणजे जिवंत माणसावर, बहुधा स्त्रीवर, घेतला जाणारा चेटकाचा संशय. छत्तीसगडात अशा स्त्रीस टोनही म्हणतात. हा भेद ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. भानामती मराठवाड्यातही आहे आणि हडळ विदर्भातही ठाऊक आहे. तथापि भयाच्या स्वरूपाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. मेलेल्याच्या भुताची भीती रात्री वाटते आणि सकाळी ओसरते. जिवंत माणसावरचा संशय सकाळी चावडीवर येतो.

मराठी पडद्यावर भयपट उशिरा आला आणि बराच काळ संकोचत वावरला. हिंदीत 'महल' हा चित्रपट १९४९ साली आला, 'बीस साल बाद' १९६२ साली. दोहोंतही भुताचा उलगडा अखेरीस माणसांच्या कारवायांत होतो. नव्या राष्ट्राला भूत हवे होते, पण ते खरे निघालेले चालणार नव्हते. १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' या वसंत जोगळेकर यांच्या चित्रपटात भुताच्या भासाचे मूळ मनाच्या आजारात सापडते, आणि मांत्रिकाची जागा डॉक्टर घेतो. ही त्याच परंपरेची मराठी शाखा होय. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' पासून, म्हणजे १९७२ पासून, ती परंपरा मोडून भूत खरे ठरविले. परंतु त्यांचे भूत हवेलीत किंवा पडक्या मंदिरात राही, आणि त्याला बहुधा ठाकूर घराण्याचा शाप लागे. मराठीने त्या वाटेने न जाता हसण्याची वाट धरली. अमेरिकेत १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' मध्ये दुकानातून आणलेली बाहुली खून करू लागली, तेव्हा तेथील मध्यमवर्गीय मातेच्या मनातील बाजाराविषयीची धास्ती त्यात होती. महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला' मध्ये तीच कल्पना घेतली, आणि बाहुली येऊन पोहोचली बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्याच्या हाती. मराठी प्रेक्षक तिला पाहून घाबरला कमी व हसला अधिक. विनोद हे भयाचे उपशमन असते असे म्हणून हा चित्रपट सोडून देता येतो. पण अधिक साधे कारण हे असावे की दुकानातल्या बाहुलीचे भय त्या वेळी येथे कोणालाच नव्हते. उसने आणलेले भय विनोदी होते. आरशाच्या सिद्धान्ताला हे एक लहानसे अनुकूल प्रमाण आहे.

खऱ्या अर्थाने विचार करावयास लावणारा चित्रपट म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झालेला 'तुंबाड'. भाषा हिंदी, पात्रे, प्रदेश व मन मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचा आणि भंडारा जिल्ह्याचा संबंध एका विलक्षण योगाने जुळतो. या चित्रपटाचे बीज, बर्वे यांनी सांगितल्याप्रमाणे, १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने ऐकविलेल्या नारायण धारपांच्या भयकथेत आहे. नागझिरा आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. १९९३ साली गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता आणि ते अरण्य भंडाऱ्याचेच होते. धारपांच्या 'आजी' या कथेचे मूळ अमेरिकन लेखक स्टीफन किंग याच्या कथेत, चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देणारे, आणि कथा ऐकण्याची जागा झाडीपट्टीतील जंगल. इतक्या ठिकाणांहून आलेले धागे कोकणातील एका वाड्यात विणले गेले. ज्या जंगलात ही कथा ऐकली गेली त्या जंगलाभोवती राहणाऱ्यांचे भय मात्र त्या विणीत आले नाही. याचा दोष दिग्दर्शकास देण्याचे कारण नाही. त्याने निराळा विषय निवडला आणि तो असामान्य सामर्थ्याने हाताळला. पण ही अनुपस्थिती अर्थपूर्ण आहे, आणि तिच्याकडे पुढे वळावे लागेल.

'तुंबाड'ची कथा १९१८ ते १९४७ या काळात घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर हा लोभी; त्याने सोने घेतले, आणि धान्याला हात घालू लागताच इतर देवांनी त्याच्यावर प्रहार केले. आईने त्याला वाचविले ते एका अटीवर: त्याची पूजा होणार नाही, त्याची आठवण राहणार नाही. एका ब्राह्मण कुटुंबाने ही अट मोडली. वाड्याखालच्या गर्भात हस्तर भुकेला बसून आहे. पिठाची बाहुली त्याच्यापुढे टाकावी, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घ्याव्यात आणि दोराने वर यावे, हा विनायकाचा धंदा. विनायक राहतो पुण्यास. तुंबाडला जातो ते केवळ मोहरा आणण्यासाठी.

या चित्रपटास लोभाची बोधकथा म्हणणे हे त्याचे अर्धेच वाचन आहे. लोभ सर्वत्र असतो. येथे त्याचे रूप अत्यंत स्थानिक आहे. गावात घर, शहरात बिऱ्हाड, आणि मधे न विचारलेले उत्पन्न, हा खोतीचा आणि इनामदारीचा जुना आकृतिबंध आहे. विनायक श्रम करीत नाही असे नाही. तो विहिरीत उतरतो, जीव धोक्यात घालतो, मुलाला ते कसब शिकवितो. परंतु तो काही निर्माण करीत नाही. तो काढून आणतो. मुलाला बाप धंदा शिकवीत असलेला प्रसंग हा या चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग होय, कारण तेथे वारसा हीच भीतिदायक वस्तू होते. आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाल्यावर, वाडा सरकारजमा होणार अशी वार्ता येते. तेव्हा विनायक सर्वच्या सर्व मोहरा एकदम मिळविण्यासाठी जो डाव रचतो त्यात त्याचा नाश होतो. त्यानंतर १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा झाला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. हे चित्रपट सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. वाडा हातचा जाणार, ही धास्ती पुरेशी आहे.

म्हणजे 'तुंबाड' हा भय प्रतिबिंबित करणारा चित्रपट आहे; मात्र ते भय वाड्याच्या आतल्यांचे आहे, आपल्या सुखाखाली काय पुरले आहे हे ठाऊक असणाऱ्यांचे. बाहेर सतत पाऊस पडतो, पण त्या पावसात भात लावणारे कोणी दिसत नाही. हस्तरला धान्य नाकारले गेले आणि तो पिठासाठी वखवखलेला आहे, ही कल्पना धानाच्या मुलखातील प्रेक्षकास जशी लागू शकेल तशी ती चित्रपटातील कोणास लागत नाही. भंडाऱ्यातही १९५१ पर्यंत मालगुजारी होती. येथल्याही जमिनीखाली अशा आठवणी आहेत. परंतु त्या आठवणी मालगुजाराच्या एक असतील आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याच्या दुसऱ्या असतील. भुकेल्या हस्तरच्या बाजूने ही कथा सांगितली तर ती भयकथा राहील काय, असा प्रश्न बपेऱ्याच्या बाजूने पाहताना सुचतो.

दूरचित्रवाणीवरील 'रात्रीस खेळ चाले' ही २०१६ साली सुरू झालेली मालिका याच जातीची होती: कोकणातील वाडा, घरच्या मोठ्या माणसाचा मृत्यू, वाटणीसाठी जमलेले आप्त. तिच्यातील भुतापेक्षा सातबारा अधिक भीतिदायक होता. तिच्याविरुद्ध कोकणातून आक्षेप आले ते अंधश्रद्धा पसरविल्याचे आणि प्रदेशाची बदनामी केल्याचे. वाटणीविषयी आक्षेप आला नाही. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा २०२४ मधील हिंदी चित्रपट अधिक चतुर आहे. त्यातील मुलाला आपल्याहून वयाने मोठ्या मुलीशी लग्न करावयाचे असते, त्यापायी तो मरतो, आणि मेल्यावरही नकार ऐकून घेत नाही. पुरुषाच्या न थकणाऱ्या हट्टाला मुंजाचे रूप देणे ही चांगली कल्पना होय. परंतु चित्रपटाला हशा आणि गल्ला दोन्ही हवे होते, आणि ती कल्पना मध्येच सुटून जाते.

या सर्वांहून निराळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न 'लपाछपी'ने केला. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट २०१७ च्या जुलैमध्ये आला. पुढे त्यांनीच २०२१ साली तो 'छोरी' या नावाने हिंदीत केला. कर्जाच्या तगाद्यातून निसटलेले शहरी जोडपे उसाच्या शेतातील एकाकी घरात आश्रय घेते. पत्नी गरोदर आहे. घरातील म्हातारी तिची काळजी घेते, तिच्यावर माया करते, आणि हळूहळू त्या मायेचा अर्थ उमगू लागतो. मुलींचे जीव घेणाऱ्या घराची ही कथा आहे. येथे भय भुतापासून नाही. भुते ही त्या घराची साक्षीदार आहेत, किंबहुना गरोदर स्त्रीची अखेरची आशा तीच होत. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीस हडळ म्हणून भ्यावे, ही जुनी समजूत चित्रपट उलटी करून दाखवितो: तिला मारले कोणी, हे आधी विचारा. उषा नाईक यांनी म्हातारीचे काम आवाज न चढविता केले आहे, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. जिच्यावर अन्याय झाला तीच पुढे अन्यायाची कारभारीण होते, ही गोष्ट व्याख्यानाने जितकी पटत नाही तितकी तिच्या जेवू घालण्याने पटते.

ऊस ही या चित्रपटाची सर्वांत मोठी कल्पकता. उसात माणूस उभा राहिला तर दहा पावलांपलीकडे दिसत नाही, आणि वाट सर्व बाजूंनी सारखीच भासते. चकव्याची जुनी समजूत येथे पिकाच्या स्वरूपातूनच सिद्ध होते. शिवाय निवड समाजशास्त्रीय दृष्ट्याही अचूक आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ९१३ होती. ऊसपट्ट्यातील कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांत ती ८५० च्या आसपास किंवा त्याखाली होती. २०११ साली राज्याचा आकडा ८९४ वर आला, आणि बीड जिल्ह्याचा ८०७ वर. त्याच वेळी भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांत तो ९५० च्या आसपास होता. म्हणजे बपेऱ्याच्या प्रेक्षकाने 'लपाछपी' पाहिला तर तो प्रायः दुसऱ्या मुलखाचे भय पाहत असतो.

परंतु येथेच चित्रपटाची मर्यादाही उघड होते. हे आकडे घसरले ते जुन्या, अशिक्षित, एकाकी घरांमुळे नव्हे. ते घसरले पैसा, रस्ता, दवाखाना आणि गर्भातील लिंग सांगणारे यंत्र ही सर्व जेथे आधी पोहोचली तेथे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९४ साली करावा लागला तो यंत्रामुळे. 'लपाछपी'चे भयकेंद्र मात्र उसातले घर आणि त्यातली म्हातारी हे आहे. पांढऱ्या अंगरख्यातील सुशिक्षित माणूस तिच्या सावलीत लपून जातो. शहरातून आलेली नायिका निष्पाप, खेडे पापी, हा हिंदी भयपटाचा जुनाच नकाशा येथे कायम राहिला. नायिकेचा शहरी नवराही त्या डावातच निघतो, ही सुधारणा मोलाची आहे. परंतु तो शहरातून बिघडून आलेला नसून खेड्यातून शहरात गेलेला आहे, असेच त्यातून सूचित होते. चित्रपटगृहात बसलेल्या सुशिक्षित प्रेक्षकास हा उलगडा सोयीचा वाटतो. गुन्हा मान्य, पण तो दूर उसात. इतक्या धीट चित्रपटाने प्रेक्षकास ही एक वाट मोकळी ठेवावी, हे खटकल्यावाचून राहत नाही.

आता नागझिऱ्याच्या जंगलातील त्या अनुपस्थितीकडे परत यावयास हवे. पूर्व विदर्भातील माणसाचे भय कशाचे आहे? वाघाचे आहे, हे उत्तर चटकन येते आणि ते खोटे नाही. मोहफुले वेचण्यास किंवा तेंदूपाने तोडण्यास जंगलात जाणाऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण वाघाशी माणसाने काही एक व्यवहार जमविला आहे; गावाच्या शिवेवर वाघदेव बसविला आहे. ज्या भयाशी व्यवहार जमत नाही ते वेगळे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील माणसांना, त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या, भर चौकात बांधून मारण्यात आले. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा येथे, जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. छत्तीसगडने २००५ साली टोनहीच्या छळाविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्राचा नरबळी व जादूटोणा प्रतिबंधक कायदा, दीर्घकाळ रखडून, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यानंतर प्रथम अध्यादेशाच्या व मग वर्षअखेरीस कायद्याच्या रूपाने आला.

या घटनांत दोन भये आहेत, आणि ती परस्परविरुद्ध आहेत. एक मारणाऱ्यांचे: मूल आजारी पडले, गुरे मेली, कोणीतरी काहीतरी केले. दुसरे मार खाणाऱ्यांचे: लोक येत आहेत. भयपट आजवर पहिल्या भयाच्या सेवेत राहिला. पडद्यावर चेटकीण दाखविली म्हणजे ती खरी असते. तिचे पाय उलटे असतात, तिचा डोळा वेगळा असतो, आणि गावकऱ्यांचा संशय शेवटच्या रिळात बरोबर ठरतो. भयपटाची रचनाच अशी असते की ज्याने प्रथम संशय घेतला तो शहाणा व ज्याने पुरावा मागितला तो बळी. नाट्याच्या दृष्टीने ही युक्ती रास्त आहे. परंतु जेथे असा संशय घेतला जाणारी स्त्री चार घरांपलीकडे राहते तेथे या युक्तीला आरसा म्हणणे पुरे पडत नाही. आरसा चेहरा दाखवितो; येथे तर चेहऱ्याकडे बोट दाखविण्यास शिकविले जाते. यावर चित्रपटांवर बंदी घालावी असे उत्तर निघत नाही. उलट प्रश्न असा उभा राहतो की दुसऱ्या भयाचा भयपट का झाला नाही.

दुसरे भय जादूटोण्यापुरते मर्यादितही नाही. तुमसरच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. त्या संध्याकाळी घराबाहेर जे जमले होते ती भुते नव्हती. ती नावानिशी ओळखीची माणसे होती. खैरलांजीविषयी पुष्कळ लिहिले गेले, मोर्चे निघाले, खटला चालला. सामाजिक नाट्य, वृत्तपट, कविता या प्रकारांनी तिची दखल घेतली. भयपटाने घेतली नाही. घेतली असती तर ते औचित्यभंगाचे झाले असते, असे पुष्कळांस वाटेल, आणि त्या वाटण्यात तथ्य आहे: प्रत्यक्ष मेलेल्यांच्या यातनांतून करमणूक काढणे हे विनायकाने लंगोटातून मोहरा काढण्यासारखेच होईल. परंतु औचित्याचा हा विचार वाड्यातील भुतांविषयी कधी आडवा येत नाही. तेथे मेलेल्या मोलकरणी, मेलेल्या विधवा, मेलेल्या सुना खुशाल पडद्यावर येतात.

भयपटाच्या आकृतिबंधात हे भय मावतच नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. जॉर्ज रोमेरो याने १९६८ साली अमेरिकेत अल्प खर्चात केलेल्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटात प्रेते उठून माणसे खाऊ लागतात. शेतावरच्या एका घरात काही माणसे कोंडून घेतात. त्यांत रात्रभर धीराने लढणारा एक कृष्णवर्णीय तरुण आहे. तो प्रेतांच्या तडाख्यातून वाचतो. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी गावे साफ करीत येते, खिडकीत हालचाल दिसते, आणि ते त्याला गोळी घालतात. ती भूमिका डुएन जोन्स या नटाने केली. रात्रभर प्रेक्षक ज्या प्रेतांना भ्याला ती त्या सकाळपुढे फिकी पडतात. रोमेरोने येथे तंत्र बदलले नाही. त्याने छायालेखक दाराच्या आत, कोंडलेल्या माणसाशेजारी, उभा केला आणि अखेरपर्यंत बहुतांशी तेथेच ठेवला.

'लपाछपी'त नायिकेच्या बाबतीत हेच घडले, आणि म्हणूनच मराठी भयपटांत त्याचे स्थान वेगळे आहे. जात आणि चेटकाचा संशय यांच्या बाबतीत ते अद्याप घडलेले नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की रात्र-रात्र नाटके होतात, आणि वडसा हे त्या मंडळ्यांचे केंद्र आहे. तेथील प्रेक्षक पहाटेपर्यंत जागा राहतो. उघड्यावरच्या मांडवात बसून, मागे अंधार आणि शेत असताना, दाराबाहेर जमलेल्या माणसांचे नाटक पाहणे हा अनुभव चित्रपटगृहातील अनुभवाहून अगदी निराळा असेल. तेथे प्रेक्षक आणि जमाव यांच्यामध्ये पडदाही नसतो.

रोमेरोच्या चित्रपटाच्या अखेरीस चित्र हलावयाचे थांबते. श्रेयनामावली सुरू असताना वृत्तपत्रात छापतात तशी खरबरीत स्थिरचित्रे एकामागून एक येतात: मांस उचलण्याचे आकडे हातात घेतलेली माणसे, त्यांच्यामध्ये त्या तरुणाचे प्रेत, पुढे रचलेली चिता. वाद्यसंगीत जवळपास थांबलेले असते. ऐकू येतात ते बिनतारी यंत्रावरचे आवाज आणि माणसांची कामाची बोलणी.